देव वर, गिऱ्हाईक मधी, पेंटर खाली

समोर केक आला की मी अजूनही चार पावलं मागे सरकते आणि एक डोळा मिटते. वाढदिवस कुणाचाही असो, कापणारा सुरी घेऊन ताटकळत उभा असतो आणि मी आपली अक्षरं बघत असते. लोकांना वाटतं, बाईंना साखरेचा त्रास असावा म्हणून लांब उभ्या आहेत. साखर अजून काठावर आहे. ही खोड मला पेंटरकाकांनी लावली.

त्यांचं नाव इथे लिहीत नाही. तसंही मानवतमध्ये ते कुणी वापरत नव्हतं. दारात जाऊन हाक मारली तर खुद्द काकू आतून सांगायच्या, "पेंटर घरी न्हाईत." चाळीस वर्षं त्यांनी पाट्या रंगवल्या. किराणा दुकानं, आडती, दवाखाने, रसवंत्या, टेम्पोंच्या पाठी. सोनपेठच्या बाजारात तर, त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे, एकेकाळी डाव्या हाताच्या दुकानांवर नुसते तेच होते. मग फ्लेक्स आले आणि डब्यातले ब्रश डब्यात वाळून गेले. दुसरा कुणी असता तर पारावर बसून फ्लेक्सला शिव्या देत म्हातारा झाला असता. यांनी साठी उलटल्यावर केक सजवण्याचा क्लास काढला.

क्लासची पाटी अर्थातच स्वतः रंगवलेली. पिवळ्या जमिनीवर किरमिजी अक्षरं, अक्षरांना काळी सावली, आणि मजकूर असा: ‘बिनअंड्याचे केक सजविणे शिकवू. फक्त महिलांसाठी. पुरुषांनी चौकशी करावी.’ पुरुषांनी नेमकी कशाची चौकशी करावी हे शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही, पण पाटी इतकी देखणी होती की विचारायची कुणाची हिंमत झाली नाही.

मी तिथे गेले त्याचं कारण आमची म्हैस. धाकटी मुलगी शिकायला बाहेरगावी गेली, थोरला आधीच गेला होता. घरात उरलो मी, नवरा, सासरे आणि परसातली म्हैस. नवरा दिवसभर मोंढ्यात आडतीवर, सासरे पूजेत नाहीतर पेपरात. एकदा शेजारच्या मेडिकलवाल्या वहिनींनी मला म्हशीला टीव्हीवरच्या मालिकेची गोष्ट सांगताना पकडलं. त्या म्हणाल्या, "वहिनी, असं चालायचं न्हाई. चला माज्यासंगं क्लासला."

आम्ही सहाजणी होतो. पहिल्या दिवशी नवे एप्रन बांधून, मोबाइलवर गुलाबांच्या केकचे फोटो साठवून गेलो. टेबलावर सहा स्टीलचे डबे पालथे घातलेले आणि पातेलंभर मैद्याची खळ. पोस्टर चिकटवायला लावतात तीच.

"क्रीम कुठंय?" मेडिकलवाल्या वहिनींनी विचारलं.

"क्रीम महाग हाय अन् हात कच्चा हाय," काका म्हणाले. "आदी खळीवर करा."

यात तथ्य होतं. वैशाखात आमच्याकडे क्रीम फ्रीजमधून टेबलापर्यंत येईस्तोवर त्याचं ताक होतं. क्लास सकाळी सातला भरायचा तो त्याचसाठी. पण खळीलाही मर्यादा असते. डब्यावरून खरवडून तीच खळ पुन्हा कोनात भरायची, असं तीन दिवस चालायचं. तिसऱ्या दिवशी आम्ही नाकाला पदर लावून बसायचो आणि काका शांतपणे म्हणायचे, "वास अक्षराला येत न्हाई."

पहिले पंधरा दिवस नुसत्या उभ्या रेघा. आम्ही सगळ्या मेंदीत तरबेज, त्यामुळे आमचा तोरा होता. पाचव्या दिवशी एकीने रेघा सोडून डब्यावर झकास कोयरी काढली. काकांनी ती बोटाने पुसली. म्हणाले, "मेंदी वाकडी गेली म्हनून नवरी वाकडी दिसत न्हाई. नाव वाकडं गेलं की मानूस वाकडा दिसतो. रेघ काडा."

केकची सगळी भाषा त्यांनी आपल्या धंद्यातून आणली होती. केकवर क्रीमचा पहिला पातळ थर देतात त्याला ते प्रायमर म्हणायचे. क्रीम गुळगुळीत करायची सुरी म्हणजे पुट्टीचा पत्रा. रंग सांगायचे ते पोष्टाचा लाल, शाळेचा पिवळा, दवाखान्याचा हिरवा. क्रीमचा दुसरा थर द्यायच्या आधी खाली वाकून विचारायचे, "पहिला हात वाळला का?" मधल्या ओळीची जागा ठरवायला ते रंगात भिजवलेला दोरा डब्यावर ताणून टण्णकन सोडायचे, भिंतीवर सोडतात तसा. तो रंग सहाजणींच्या सहा साड्यांवर उडायचा.

आणि मग तपासणी. काकांच्या मते पाटी रस्त्यापलीकडून वाचता आली पाहिजे, आणि केक म्हणजे गोल पाटी. आम्ही एकेकीने आपला डबा छातीशी तिरका धरून दारात उभं राहायचं आणि काकांनी रस्ता ओलांडून पलीकडच्या पंक्चरवाल्याच्या दुकानासमोरून, एक डोळा मिटून तो वाचायचा. मधून रिक्षा, टेम्पो, सोनपेठची यष्टी जायची. त्या आवाजातून ते ओरडायचे, "तुमची वेलांटी यष्टीखाली चाललीय!" प्रवासी खिडकीतून आमच्याकडे बघत जायचे. एकदा आमच्या आडतीवरचा एक हमाल सायकल थांबवून बराच वेळ बघत राहिला आणि संध्याकाळी नवऱ्याला काळजीने सांगून गेला, की मालकीणबाई रस्त्यात डबा घेऊन उभ्या असतात.

पेपर ते रोज घ्यायचे, पण बातम्यांसाठी नाही. मथळे बघून घडी घालून ठेवायचे. माणसं त्यांना पाट्यांवरून लक्षात राहायची. कुणी वारल्याचं कळलं की डोळे मिटून म्हणायचे, "निळ्यावर पांढरी. लय साधा मानूस." एका हॉटेलातला चहा त्यांनी आयुष्यभर घेतला नाही, कारण त्या हॉटेलवाल्याने ‘उपहारगृह’ स्वतःच्या हाताने, तेही काना गाळून, रंगवलं होतं.

केकच्या वाटेला ते गेले तेही असंच. परभणीतल्या एका बेकरीच्या काचेवर नाव रंगवायला गेले होते. आत कारागीर केकवर नाव लिहीत होता. "त्यानं वेलांटी अशी काडली जशी इंचवाची नांगी." यांनी आत जाऊन त्याच्या हातातला कोन काढून घेतला आणि नाव लिहून टाकलं. मालकाने बघितलं आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला ठेवलं. तीन वर्षं हे रोज मानवतहून परभणीला जाऊन लोकांच्या केकवर नावं घालत होते.

"मग सोडलं कामून?" मी विचारलं.

"मालक वर श्री लिहू दिना."

हा त्यांचा नियम होता, आणि या एका नियमाच्या बाबतीत ते कुणाच्या बापाचं ऐकत नसत. पाटी कुणाचीही असो, देव वर, गिऱ्हाईक मधी, पेंटर खाली. देव गिऱ्हाइकाचा. ज्याचा गणपती त्याला श्री, ज्याचा पीराचा दर्गा त्याला सातशे शहाऐंशी, आणि आमच्यासारख्या शिवभक्त घरांना ॐ नमः शिवाय. देवाशिवाय पाटी दारातून बाहेर पडली नाही. बेकरीवाला म्हणे सांगत होता की गिऱ्हाइकं ओरडतात. "श्री लिहिलं म्हनून वरडनारं गिऱ्हाईक मी चाळीस सालात बगितलं न्हाई," काका म्हणाले. आम्हालाही ते पटलं. आम्ही पालथ्या डब्यांवर वर श्री, मधे नाव आणि खाली काकांची सही असं इमानेइतबारे घोटत राहिलो. सहाजणींपैकी एकीच्याही डोक्यात शंका आली नाही, याची मला आजही लाज वाटते.

अडीच महिन्यांनी काका म्हणाले, आता खरा केक, खरं क्रीम, ज्याच्या त्याच्या घरचा. पहिला नंबर माझा लागला. माझ्या सासऱ्यांना, अप्पांना, पंच्याहत्तर पूर्ण होत होती. सोनपेठची नणंद फोनवर म्हणाली होती, "वहिनी, केक मी चांगल्या दुकानातून आणते, तू त्रास घेऊ नगंस." तो ‘चांगल्या’ मला असा लागला की मी ताडकन सांगून टाकलं, केक माझ्या हातचा असेल. चाळीस पाहुणे येणार होते. अप्पा गळ्यात लिंग बांधलेले, पूजेआधी पाण्याचा थेंब न घेणारे. केक त्यांनी जन्मात तोंडात घातला नव्हता. ते एवढंच म्हणाले, "अंडं नसंल तर बगू." माझं सगळं त्या केकवर होतं. आणि मोठी अडचण अशी, की अडीच महिन्यांनंतरही माझं अक्षर उताराला लागलेल्या बैलगाडीसारखंच होतं. नाव काकांनी घालावं, एवढीच माझी इच्छा होती.

काकांनी पेन्सिल घेतली. "नाव सांगा ताई."

मी अप्पांचं पूर्ण नाव सांगितलं.

काकांनी पेन्सिल खाली ठेवली. नळाशी जाऊन हात धुतले, पुसले, परत येऊन बसले.

"तुमी त्यांच्या सूनबाई व्हय?"

"हो."

"परसात म्हैस हाय ना तुमच्या?"

"आहे."

"तिला जाऊन इचारा, पेंटरचं अक्षर कसं हाय. मी त्या मानसाचं नाव परत लिहिनार न्हाई."

काय बिघडलं ते सांगायला तयार नाहीत. मी घरी आले आणि तडक गोठ्यात गेले. म्हैस रवंथ करत होती. वर बघितलं. बावीस वर्षं त्या घरात नांदत होते, पण गोठ्यात वर कोण बघतं? छपराला आतून बारा फुटी पत्रा ठोकलेला होता आणि त्यावर, पिवळ्यावर किरमिजी, काळ्या सावलीसह, आमच्या आडतीचं नाव होतं. वर देव, मधे अप्पा, खाली कोपऱ्यात पेंटरकाका. आडतीवर फ्लेक्स लावला तेव्हा उतरवलेली ती जुनी पाटी होती. काकांचे महिनाभराचे कष्ट म्हशीच्या डोक्यावर उलटे टांगलेले.

दुसऱ्या दिवशी मी म्हणाले, "काका, बघितलं."

"लोक म्हनतेत अक्षर वाचायला मानूस लागतो," ते म्हणाले. "माजं म्हशी वाचायल्यात." आणि मग विषय बंद. चार दिवस मी विनवण्या केल्या, काकूंनी दोनदा त्यांच्यासमोर चहा आपटला, पण पेंटर हलले नाहीत. "तुमाला शिकवीन, कोन धरून देईन. लिहायचं तुमी."

वाढदिवसाच्या दिवशी पहाटे पाचला मी क्लासमध्ये होते. काकांनी शब्द पाळला. प्रायमर, पहिला हात, दुसरा हात, सगळं त्यांच्या देखरेखीखाली. केक असा पांढराशुभ्र झाला की मलाच माझं कौतुक वाटलं. मग त्यांनी कोन माझ्या हातात दिला आणि स्वतः रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहिले.

मी लिहिलं. पहिलं अक्षर बरं आलं. दुसरं पहिल्यापासून दूर पळालं, तिसरं त्याच्यामागे गेलं, आणि अप्पांचं आडनाव केकच्या काठावर येऊन खाली वाकलं. मी रडकुंडीला येऊन केक जरासा तिरका करून दारात धरला.

काका पलीकडून बघत होते. एक डोळा मिटलेला. मग दुसराही मिटला. मग ते डावीकडे उजवीकडे न बघता रस्ता ओलांडून आले. एक टेम्पो करकचून थांबला, ड्रायव्हरने त्यांच्या सात पिढ्या काढल्या, त्यांना ऐकू गेलं नाही. आत येऊन त्यांनी पत्र्याने माझं अक्षर खरवडलं, जमीन परत सारखी केली, कोन घेतला, आणि श्वास धरून लिहायला सुरुवात केली. पाचेक मिनिटं लागली असतील. मला मनापासून वाटलं की एवढं सुंदर नाव मी जन्मात बघितलं नाही, आणि मी त्या माणसाची सून आहे याचा मला अभिमान वाटला.

"हे तुमी लिहिलंय," कोन पुसत काका म्हणाले. "ध्यानात ठिवा. मी लिहिलंच न्हाई." सही त्यांनी केली नव्हती.

अकरा वाजता अंगणात मांडवाखाली टेबल, टेबलावर केक, केकला वारा घालायला दोन कूलर. पाहुण्यांची गर्दी झाली. नणंद केकभोवती दोनदा फिरली आणि म्हणाली, "वहिनी, हे तू लिहिलंस?" मी म्हणाले, "मग?" खोटं बोलताना मला काडीचीही लाज वाटली नाही. अप्पा पूजा आटोपून, कपाळाला विभूती लावून आले. नवऱ्याने रिबन बांधलेली सुरी त्यांच्या हातात दिली. अप्पा केकवर वाकले, आणि तसेच थांबले.

"ह्याच्यावर सुरी चालवायची?"

तेव्हा सगळ्यांनी नीट वाचलं. नियमाप्रमाणे सगळ्यात वर, ठसठशीत, ॐ नमः शिवाय.

मग जो तो बोलायला लागला. सोनपेठचे भाऊजी म्हणाले, केक असाच गोदावरीत सोडू. एक काकी म्हणाल्या, देवळात ठेवा. कुणी म्हणालं, देव सोडून खालून कापा. त्यावर दुसऱ्याने विचारलं, मग वरचा राहिलेला कुठे टाकायचा? नवऱ्याने फ्रीजचं नाव काढलं. तोवर कूलरला दाद न देता केकची एक बाजू हळूहळू बसायला लागली होती. नणंद माझ्याकडे बघत होती आणि तिला काहीही बोलायची गरज नव्हती. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

अप्पा मात्र अजून वाकून वाचतच होते. ते सरळ झाले आणि म्हणाले, "सूनबाई, हे अक्षर तुजं न्हाई."

मी मान खाली घातली.

"ज्यानं देव लिहिला त्यानंच उचलावा. बोलव त्याला."

बोलवायला लांब जावं लागलं नाही. फाटकातून बघितलं तर रस्त्याच्या पलीकडे, उन्हात, एक डोळा मिटून पेंटरकाका उभे होते. आपलं अक्षर मांडवात कसं दिसतंय ते बघायला आले होते. मी त्यांना जवळजवळ ओढतच आणलं.

परिस्थिती कळल्यावर त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "केक कापतेत हे मालूम व्हतं मला," ते चाचरत म्हणाले. "पन नाव सोडून बाजूबाजूनं कापत असतेल असं वाटलं. बेकरीतून डब्यात बंद व्हऊन जायचा. फुडं मी कशाला बगतो?" मग म्हणाले, "म्हंजी मालकाचं बरोबर व्हतं तर."

त्यांनी हात धुतले, चप्पल काढली, पत्रा मागितला. एका हाताने क्रीमच्या थरासकट अख्खी ओळ उचलली. एक मात्रा हलली नाही. ती ताटलीत ठेवून त्यांनी अप्पांपुढे धरली. अप्पांनी ताटली कपाळाला लावली आणि प्रसाद खावा तसं ते क्रीम बोटाने खाऊन टाकलं. मग त्यांनी सुरी घेतली आणि स्वतःच्या नावावरून बिनदिक्कत चालवली. टाळ्या पडल्या. लहान पोरं तुटून पडली. माझा जीव भांड्यात पडला.

काका जायला निघाले. अप्पांनी हाक मारली.

"पेंटर, इतके साल आला न्हाईत."

"माजं काय काम?" काका फाटकाकडे बघत म्हणाले. "माजं अक्षर तुमच्या हितं म्हशी वाचतेत."

हातातली ताटली अप्पांनी माझ्याकडे दिली.

"पोरांनी फोटोवाली पाटी लावली, मी न्हाई म्हनलो न्हाई, ते खरं हाय. तुमचीला भंगारवाला दारात आला व्हता. पन तिच्यावर देव. भंगारात कसा देऊ? भिताडाला टेकवून ठिवली तर पाय लागतो. म्हनून डोक्यावर घेतली."

"म्हशीच्या."

"म्हशीच्या अन् माज्या. ह्या घरात म्हशीची धार आजबी मीच काडतो, सूनबाईला इचारा. पंधरा साल झाले. रोज सकाळी धार काडताना वर बगतो अन् वाचतो. पाठ झाली तरी वाचतो."

पेंटरकाकांनी खिशातला रुमाल काढला, त्याने हात पुसले, जे कोरडेच होते.

"सावली उडाली असंल तिची," शेवटी ते म्हणाले.

"न्हाई. तशीच हाय."

"बगू."

आणि ते दोघे म्हातारे, एक नव्या धोतरात आणि एक अनवाणी, चाळीस पाहुणे आणि अर्धा केक तसाच टाकून परसात गेले. मी मागोमाग गेले. काका वर बघत चार पावलं मागे सरकले, पण गोठ्यात मागे जायला जागा कुठली, ते म्हशीला जाऊन टेकले. एक डोळा मिटून खूप वेळ बघत राहिले. म्हशीने शेपटी मारली, त्यांना समजलं नाही.

"मधली ओळ जरा डावीकडं गेलीय," ते म्हणाले. "तेव्हा ध्यानात आलं न्हाई. उद्या शिडी घेऊन येतो."

अप्पांचा चेहरा पडला. "उतरवनार?"

"उतरवू कामून?" काका म्हणाले. "वाचनारं मानूस हितं बसतंय."